ओहोटीला खडकावर दिसणारं हिरवं शेवाळ: उल्वा आहे की नाही हे कसं ओळखायचं

ओहोटीला कुठल्याही खडकाळ किनाऱ्यावर उतरा, मालवण असो, हरिहरेश्वर असो, वांद्र्याचं बँडस्टँड असो नाहीतर गोव्यातलं अंजुना, हिरवं काहीतरी पायाखाली येणारच, आणि बहुतेक जण त्याला सरसकट शेवाळ म्हणून पाय सांभाळत पुढे जातात. पण त्याच खडपावर जरा बसून बघितलं ना तर चार-पाच वेगवेगळी हिरवी शेवाळं सापडतात, त्यांची घडण वेगळी, राहायची जागा वेगळी, काहींचं तर एकमेकांशी फारच लांबचं नातं. त्यातलं सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे उल्वा, ज्याला सी लेट्यूस म्हणतात ते. हे एक पक्कं ओळखता आलं की बाकीची वेगळी काढणं फार सोपं जातं, म्हणून सुरुवात याच्यापासूनच करा.

एक गोष्ट आधीच सांगते, रंगावर जाऊ नका. हिरवं आहे म्हणजे उल्वा असं नाही, आणि उल्वा आहे म्हणजे हिरवंगार असेलच असंही नाही, उन्हात तापलेली उल्वा पिवळट, अगदी पांढरी सुद्धा दिसते. आधी आकार बघायचा, मग बूड बघायचं, मग जाडी, आणि रंग सगळ्यात शेवटी. एवढा क्रम पाळला तर नव्वद टक्के काम खडकावरच होतं.

आता जायचं कधी. ॲप नसलं तरी चालतं, कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी, शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष हिशोब तोच. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी लांब जातं हे सगळ्यांना माहीत असतं पण त्या दिवशी ओहोटी पडते पहाटे आणि मग संध्याकाळी, आणि दोन्ही वेळेला उजेड धड नसतो. त्यापेक्षा द्वितीया-तृतीया गाठा, सकाळी साडेसात-साडेआठच्या आसपास ओहोटी मिळते, उजेड मस्त असतो, आणि उधाणाचा खरा जोर अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनीच असतो त्यामुळे पाणीही भरपूर मागे गेलेलं असतं. अष्टमीच्या पुढेमागे भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, तेव्हा खालचा कातळ उघडाच पडत नाही, जाऊन फारसा उपयोग नाही. अर्थात हा अंदाजाचा हिशोब, आदल्या दिवशी टाइड टेबल बघाच, कारण दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक दुसरीपेक्षा जास्त खाली जाते. ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचा आणि पाणी वळलं की मागे फिरा, "अजून पाच मिनिटं" करत खडकावर रेंगाळू नका. पावसाळ्यात लाटा असताना खडकावर उतरायचंच नाही.

सीझन म्हणाल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे थंडीभर, खडक हिरवे दिसतात. मार्चनंतर ऊन वाढलं की वरच्या भागातलं करपायला लागतं आणि मे महिन्यात बऱ्याच ठिकाणी फक्त डबक्यांत आणि अगदी खालच्या भागात शिल्लक राहतं. त्यामुळे पहिल्यांदा शिकायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, ताजी, मोठी, नीट वाढलेली पानं बघायला मिळतील. मे महिन्यातली अर्धवट करपलेली उल्वा बघून ओळखायला शिकणं अवघड जातं.

पायात ग्रिपवाले सँडल किंवा जुने बूट हवेतच. ओली उल्वा इतकी घसरडी असते की सपाट दिसणाऱ्या खडकावरही माणूस सरळ आडवा होतो. कालवं फोडायला येणाऱ्या बायका असतील तर त्यांच्याशी बोला, कुठला खडक घसरतो, पाणी कुठल्या बाजूने आधी आत येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्या चालतात तशाच वाटेने चाला, उघडा खरखरीत कातळ बघून पाय टाका, हिरव्यावर टाकू नका, आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात हे लक्षात ठेवून हात टेकवा.

खडकावर पोचलात की लगेच वाकून शोधायला लागू नका, आधी दोन मिनिटं उभं राहून पट्टे बघा. अगदी वर, जिथे भरतीचं पाणी थोडाच वेळ येतं, तिथे केसांसारखं बारीक हिरवं दिसतं. मधल्या भागात आणि डबक्यांच्या काठाने चपट्या पानांची उल्वा असते. समुद्राकडच्या कडेला, जिथे लाट थेट आपटते, तिथे राठ उभे झुबके दिसतात, ते वेगळं शेवाळ. आणि त्याच्या खाली पाण्याच्या रेषेपाशी तपकिरी सरगॅसम वगैरे सुरू होतात. प्रत्येक किनाऱ्यावर हे पट्टे इतके स्वच्छ दिसतील असं नाही, पण शेवाळ खडकावर किती उंचीवर आहे हे बघायची सवय लागली की अर्धी ओळख तिथेच पटते. उल्वा खडकालाच चिकटते असंही नाही हं, शंख-शिंपल्यांवर, जेटीच्या पायऱ्यांवर, होडीच्या बुडाला, दोरांवर, मरीन ड्राइव्हला टाकलेत तसल्या सिमेंटच्या चौपायांवर, कुठेही बसते.

आता एक पान निवडा. डबक्यातलं पाण्याखाली असलेलं निवडा, कारण ओहोटीला उघडं पडलेलं पान खडकावर चिकटून बसतं आणि त्याचा आकारच कळत नाही. शक्य असेल तर घरून एक पांढरी ताटली न्या, त्यात समुद्राचं पाणी घ्या आणि पान त्यात तरंगू द्या. आता दिसेल की ते एकदम पातळ, चपटं, जिलेटीनच्या कागदासारखं पारदर्शक आहे, कडेला झालर पडल्यासारखं चुण्या-चुण्यांचं आहे, आणि मुख्य म्हणजे त्यात देठ नाही, शिरा नाहीत, वेगळं खोड नाही. सगळं शेवाळ म्हणजे एकच पान. आपल्याकडे उष्ण पाण्यात जो प्रकार जास्त मिळतो त्यात हे पान खाली रुंद असतं आणि वर जाताना त्याच्या लांब लांब पट्ट्या होतात, एखाद्या पट्टीच्या मध्यातून फिकट रेघ गेल्यासारखी वाटते, पण ती खरी शीर नसते, बोट फिरवलं तर उंचवटा लागत नाही. पट्ट्या वीतभर असतात, चांगली जागा मिळाली तर एक मीटरपर्यंतही लांब होतात.

मग बूड बघा. हे कुणी बघत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. उल्वा एका बारीकशा चकतीने खडकाला चिकटलेली असते, पानाचा तळ निमुळता होत त्या चकतीत संपतो. खडकावर सरपटत जाणारी दोरी नाही, मुळांसारखे झुबके नाहीत, एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेली वेल नाही. बोटांनी पानं बाजूला सारून बघा, उपटायची गरज नाही. अशी सरपटणारी दोरी दिसली की समजायचं हे उल्वा नाही, बाकी पान कितीही हिरवं असो.

जाडीची एक सोपी टेस्ट आहे. वर्तमानपत्राचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, त्यावर ओलं पान सपाट पसरा आणि दाबून हवा काढा. उल्वा असेल तर खालची अक्षरं हिरवट दिसतात पण वाचता येतात. पान हाताला लागतं गुळगुळीत, थोडं कुरकुरीत, ओढलं तर जरा ताण सोसतं आणि मग फाटतं. मोनोस्ट्रोमा नावाचं एक शेवाळ अगदी असंच दिसतं पण त्याहून नाजूक असतं, हातात घेतलं की मऊ लोळागोळा होतं. या दोघांतला खरा फरक पेशींच्या थरात आहे, उल्वाच्या पानात पेशींचे दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि मोनोस्ट्रोमात एकच थर असतो, त्यामुळे शंका आली तर मायक्रोस्कोपशिवाय निकाल लागत नाही.

पानाची कडही बघून घ्या. बऱ्याचदा कडेला सोनेरी-पिवळट किंवा ऑलिव्ह रंगाचा पट्टा दिसतो आणि कधी कधी कड अगदी पांढरी, रिकामी दिसते. लोकांना वाटतं सडलंय. तसं नाहीये. उल्वात वेगळी फुलं-बीजं नसतात, पानाच्या कडेच्या साध्या पेशीच प्रजननाच्या पेशी होतात, तेव्हा कडेचा रंग बदलतो, आणि त्या पाण्यात सुटून गेल्या की रिकाम्या भिंती मागे राहतात, तो पांढरा भाग. सुटलेल्या पेशींना पोहायला शेपट्या असतात, काहींना दोन, काहींना चार. दोन शेपट्यांच्या पेशी जोडीने एकत्र येतात, चार शेपट्यांच्या थेट रुजतात, आणि दोन्हींपासून वाढणारी शेवाळं दिसायला मात्र अगदी सारखी. ताटलीत ठेवलेल्या पाण्याला कधी कधी हिरवट झाक येते ती यामुळेच. असं सोनेरी कडेचं पान मिळालं तर फोटो नक्की घ्या, ओळखायलाही उपयोग होतो.

आता ते वरच्या भागातलं केसांसारखं. त्यातला एक धागा दोन बोटांत धरून हलकेच दाबा, बऱ्याचदा आत हवेचा बुडबुडा सरकताना दिसतो, म्हणजे तो धागा नाही, पोकळ नळी आहे. गोड पाणी जिथे झिरपतं, खाडीच्या तोंडाला, होड्यांना, तिथे हे जास्त. पूर्वी याला एंटेरोमॉर्फा असं वेगळं नाव होतं आणि जुन्या पुस्तकांत, कॉलेजच्या नोट्समध्ये अजूनही तेच सापडतं. २००३ साली डीएनए बघून ठरलं की या नळ्या आणि चपटी पानं वेगळ्या गटातली नाहीतच, तेव्हापासून तेही उल्वाच. सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये दोन्हींना उल्वामध्येच ठेवलं होतं, पुढे लोकांनी वेगळं केलं आणि अडीचशे वर्षांनी परत एकत्र आलं. त्यामुळे तुम्ही नळीवालीला उल्वा म्हटलंत आणि कुणी एंटेरोमॉर्फा म्हटलं तर वाद घालू नका, एकाच गोष्टीबद्दल बोलताय.

बाकीची जी हिरवी शेवाळं गोंधळात टाकतात त्यात पहिलं नाव कॉलर्पाचं. हे मला स्वतःला फार आवडतं म्हणून थोडं जास्त लिहिते. कॉलर्पाची ओळख म्हणजे वाळूतून किंवा खडकाच्या खाचेतून आडवी सरपटत गेलेली हिरवी दोरी, तिला खाली मुळांसारखे पांढरट झुबके आणि वर उभे पाते. पात्यांचा आकार प्रकाराप्रमाणे बदलतो, सर्ट्युलॅरिऑइडिसमध्ये दोन्ही बाजूंना बारीक काड्या ओळीने लागलेल्या, रेसिमोसामध्ये छोटे छोटे हिरवे मणी, आणि स्काल्पेलिफॉर्मिसमध्ये चपटं दातेरी पान, आणि हेच शेवटचं लांबून उल्वा वाटू शकतं. पण बूड बघा, दोरी सापडेल. शिवाय ते पान उल्वापेक्षा जाड असतं, वर्तमानपत्राची अक्षरं धड दिसत नाहीत. याची कमाल म्हणजे एवढी सगळी वेल, दोरी, पानं, झुबके मिळून एकच पेशी, आत कुठेही आडव्या भिंती नाहीत, फक्त हजारो केंद्रकं, आणि आधाराला आतून जाळीसारखे धागे. तुटला तरी त्याचा तुकडा नवीन जागी वाढू शकतो. म्हणूनच मत्स्यालयातलं कॉलर्पा समुद्रात कधीही टाकू नये, १९८४ मध्ये मोनॅकोजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा छोटासा पॅच सापडला होता आणि तिथून ते भूमध्य समुद्रात पार पसरलं.

लाटेच्या कडेवरचे ते राठ झुबके म्हणजे कीटोमॉर्फा अँटेनिना, आपल्या किनाऱ्यावर जिथे जिथे लाट जोरात आपटते तिथे हे असतंच. धागे सरळ, जाडसर, एकाही धाग्याला फांदी नाही, आणि भिंगातून बघितलं तर धाग्यावर पेशींची पेरं पेरं दिसतात. पाण्याबाहेर काढलं तरी ताठ राहतं. याच्या उलट ब्रायोप्सिस, पाण्यात सुंदर पसरलेलं दिसतं आणि बाहेर काढलं की एकदम लुळं पडतं. क्लॅडोफोराचे धागे बारीक आणि खूप फांद्यांचे. कोडियम हाताला स्पंजी लागतं, रंग गडद, त्याच्यात आणि उल्वात गोंधळ होतच नाही. खाडीतल्या चिखलात हिरवी छोटी पानं दिसली आणि त्यांना शिरा आणि मुळं असली तर ते शेवाळच नाही, समुद्री गवत आहे, हॅलोफिला वगैरे, त्याला तर अजिबात हात लावू नका.

आणि लाल शेवाळं सुद्धा फसवतात. कडक उन्हात राहिलेल्या लाल शेवाळाचा लाल रंग फिका होतो आणि ते हिरवट-पिवळट दिसायला लागतं. अशा वेळी बुडाकडचा, सावलीतला भाग बघायचा, तिथे मूळचा जांभळट-लाल रंग टिकून असतो. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या खडकांवर पॉरफायरा येतं, तेही पातळ चपटं पानच, आकाराने उल्वाची बहीण वाटेल, पण रंग तपकिरी-जांभळा, आणि पान एकाच थराचं. ते मात्र भर पावसात लाटांच्या माऱ्यात उगवतं, त्यामुळे ते बघायला खडकावर जायचा मोह टाळा.

मायक्रोस्कोप मिळत असेल तर अजून मजा आहे. शाळेतला साधा चालतो, फोल्डस्कोप, म्हणजे कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, असेल तर तोही चालतो. पानाचा नखाएवढा तुकडा समुद्राच्याच पाण्यात स्लाइडवर ठेवा, नळाच्या पाण्यात नको, पेशी फुगतात. वरून बघितलं तर कोपरे असलेल्या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात, प्रत्येकीत हरितद्रव्याचा भाग एका बाजूला सरकलेला आणि त्यात एक-दोन गोल ठिपके. पण खरा पुरावा आडव्या छेदात. बारावीच्या बायोलॉजी प्रॅक्टिकलला करतात तसं करायचं, बटाट्याच्या फोडीला चीर पाडून त्यात पान धरायचं आणि नव्या ब्लेडने बटाट्यासकट पातळच पातळ काप घ्यायचे, मग पाण्यात टाकून त्यातला सगळ्यात पातळ हिरवा धागा उचलायचा. पेशींच्या दोन ओळी समोरासमोर चिकटून दिसल्या की चपटी उल्वा. एका ओळीचं गोल कडं दिसलं की नळीवाली. एकच सरळ ओळ असेल तर मोनोस्ट्रोमा. आणि भिंतीच नसलेली हिरवी पोकळी दिसली तर कॉलर्पाच्या बाजूचं काहीतरी. पहिले दहा-बारा काप वाया जातात, जाऊ द्या, हात बसायला वेळ लागतो.

एवढं करून उल्वा हे पक्कं झालं की तिथेच थांबलात तरी चालेल, आणि माझं तर मत आहे की थांबावंच. पुढची प्रजात नुसत्या फोटोवरून ठरवणं बहुतेक वेळा शक्य नसतं कारण एकाच प्रजातीचं पान लाटेच्या जागी अरुंद, डबक्यात रुंद, घाण पाण्यात अजून वेगळं असं वाढतं. जाळीसारखी भोकं भोकं असलेली रेटिक्युलाटा तेवढी डोळ्यांनी कळते, आणि तिथेही गोगलगायींनी कुरतडलेलं पान नाही ना हे बघावं लागतं. नावांचा घोळ तर मोठ्या मोठ्या लोकांचा झालाय. आपल्याकडच्या जुन्या याद्यांमध्ये पट्ट्यांच्या उल्वाला फॅसिएटा लिहिलेलं असतं, हे नाव डेलील या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली इजिप्तच्या अलेक्झांड्रियातल्या शेवाळाला दिलेलं. २०१९ मध्ये लिनियसच्या संग्रहातल्या मूळ उल्वा लॅक्टुकाच्या वाळलेल्या नमुन्याचा डीएनए तपासला तर तो या फॅसिएटाशी जुळला, उष्ण पाण्यातलाच. म्हणजे लॅक्टुका हे नाव खरं आपल्या बाजूच्या शेवाळाचं, आणि उत्तर युरोपातल्या थंड पाण्यातल्या ज्या शेवाळाला इतकी वर्षं लॅक्टुका म्हणत होते ते निघालं उल्वा फेनेस्ट्राटा, वेगळीच प्रजात. त्यामुळे लेबलवर नुसतं उल्वा लिहायला अजिबात संकोच करू नका.

आणि ओळखून करायचं काय असं कुणी विचारलं तर सरळ उत्तर आहे. उल्वाला पाण्यातला नायट्रोजन भराभर वापरता येतो, म्हणून सांडपाण्याच्या नाल्याजवळ, खाडीच्या तोंडाशी बाकी सगळी शेवाळं कमी होतात आणि एकट्या उल्वाचे गालिचे दिसतात. २००८ मध्ये ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींच्या तोंडावर चीनच्या चिंगदाओला नळीवाल्या उल्वाने किनारा भरून टाकला होता, लाखो टन काढावं लागलं. फ्रान्सच्या ब्रिटनीमध्ये तर किनाऱ्यावर सडणाऱ्या ढिगातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो आणि तो जीवघेणा असतो. म्हणून सडक्या अंड्याचा वास मारणाऱ्या मोठ्या ढिगात पाय घालू नका, लहान मुलांना तर जवळही नेऊ नका. जपानमध्ये, हवाईमध्ये उल्वा खातात हे खरं आहे, पण ती पाण्यातले जड धातू पण शोषून घेते, तेव्हा मुंबईच्या किंवा कुठल्याही शहराच्या किनाऱ्यावरची तोंडात घालू नका.

नमुना न्यायचाच असेल तर लाटेने किनाऱ्यावर आणून टाकलेला ताजा तुकडा उचला, खडकावरचं उपटू नका, आणि मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे तिथे तर काहीच उचलायचं नाही, फोटोवर भागवा. घरी आणल्यावर परातीत समुद्राचं पाणी घालून त्यात जाड ड्रॉइंग पेपर बुडवा, त्यावर पान बोटांनी पसरवा, कागद तिरका करून हळू वर काढा, वर जुन्या मलमलचा तुकडा ठेवा आणि रद्दीत दाबून वजन ठेवा. रद्दी रोज बदला. गोंद लागत नाही, उल्वा स्वतःच्याच चिकटपणाने कागदाला बसते. फोटो काढताना एक पूर्ण पानाचा, एक बुडाचा, एक उजेडासमोर धरून कडेचा आणि एक लांबून आजूबाजूच्या खडकासकट काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, टाकलंत तर बुडाचा फोटो असल्याशिवाय टाकू नका. आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने, शाईने नाही कारण ती ओलीत पसरते, तारीख, तिथी, जागेचं नाव, खडक की शिंपला की दोर, वरचा पट्टा की खालचा, आणि जवळपास नाला होता का, एवढं तिथल्या तिथे लिहून ठेवा.